फाइलीत न मावलेले जाळे

सरकारी कचेरीत ज्याने वीस वर्षे काढली आहेत, त्याला 'जे जे आहे ते ते फाइल आहे' हे वचन ऐकून नवल वाटण्याचे कारण नाही. माणूस असो, पूल असो की दुष्काळ असो, आमच्यापुढे तो फाइल होऊनच येतो. परंतु हेच वचन एका संगणक-प्रणालीचा पाया आहे, आणि संगणकांचे जाळे पुढे आले तेव्हा त्या पायालाच अडचण पडली, हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्या अडचणीची हकिगत आज सांगावयाची आहे.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत, १९६९ साली केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीस आरंभ केला. संगणकाला जोडलेली यंत्रे एकाहून एक भिन्न. चुंबकीय फीत निराळी, तबकडी निराळी, टंकयंत्र तर त्याहून निराळे. युनिक्सने या सर्वांना फाइलीची नावे दिली. 'डेव्ह' नावाच्या कप्प्यात प्रत्येक यंत्राची एकेक फाइल असे. ती उघडावी, वाचावी, तीत लिहावे आणि मिटावी. पलीकडे कोणते यंत्र आहे, याची चौकशी कर्नलने करावी. हा कर्नल लष्करातला नव्हे. प्रणालीचा जो गाभा यंत्रांशी प्रत्यक्ष व्यवहार करतो, त्याला हे नाव आहे.

१९७४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या दोघांनी त्या व्यवस्थेचे तीन लाभ नोंदविले: व्यवहार सारखा, नावे सारखी आणि संरक्षणाचे नियमही सारखे. तिसरा लाभ मला, माझ्या पेशामुळे म्हणा, सर्वांत मोलाचा वाटतो. फाइल कोणाच्या मालकीची, ती कोणी वाचावी आणि तीत कोणी लिहावे हे एकदा ठरले, की यंत्र वापरण्याचा अधिकारही आपोआप ठरतो. त्यासाठी वेगळी नियमावली लागत नाही.

पुढे १९७५ साली इलिनॉय विद्यापीठातील मंडळींनी युनिक्सला आर्पानेट या जाळ्याशी जोडले. त्यांनी वळण युनिक्सचेच ठेवले. 'डेव्ह'मध्ये 'नेट' हा कप्पा आणि त्यात दूरच्या संगणकांची नावे. हार्वर्डच्या संगणकाशी बोलावयाचे झाल्यास 'हार्व' नावाची फाइल उघडावयाची! कल्पना इतकी सरळ होती, की ती टिकली नाही याची चुटपुट लागते.

ती का टिकली नाही? फाइल जागच्या जागी पडून असते. संभाषणाला मात्र दुसरा पक्ष असतो. तो घरी नसेल, नकार देईल, बोलणे मध्येच तोडील. शिवाय कधी आपण हाक मारावयाची नसते, कोणाची हाक येते का याची वाट पाहत बसावयाचे असते. 'उघडणे' या एका क्रियापदात हे सारे कसे मावणार? म्हणून १९८३ साली बर्कली येथील विद्यापीठाने आपल्या युनिक्समध्ये 'सॉकेट' आणले आणि त्याबरोबर नवी क्रियापदेही आणली. सॉकेट मागावे, त्याला पत्ता बांधावा, कान देऊन बसावे, आलेली हाक स्वीकारावी. जोडणी झाली की वाचणे-लिहिणे पूर्वीप्रमाणेच. परंतु 'डेव्ह'मध्ये या जोडणीचे नाव नाही.

नाव नाही म्हणजे मालकी-परवानगीची नोंद नाही. ती उणीव भरून काढण्यास बर्कलीने एक ढोबळ नियम केला. १०२४ च्या खालचे पोर्ट-क्रमांक केवळ 'रूट' या सर्वाधिकाऱ्याने घ्यावेत. टपाल स्वीकारणाऱ्या प्रोग्रामला २५ हा क्रमांक हवा. तेवढ्यापायी त्याला सर्वाधिकार घेऊन सुरू व्हावे लागे. पहारेकऱ्याला दार उघडता यावे म्हणून त्याच्या हाती खजिन्याच्या किल्ल्या देण्यातलाच हा प्रकार!

बेल प्रयोगशाळेच्या मंडळींना हे रुचले नसावे. १९९२ साली त्यांनी विद्यापीठांच्या हाती दिलेल्या 'प्लॅन नाइन' या प्रणालीत जाळे पुन्हा फाइलींतच आणले. तेथे 'क्लोन' नावाची फाइल उघडली, की नव्या संभाषणाला क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाचा कप्पा दिसू लागतो. त्यातील एका फाइलीत 'अमक्या पत्त्याशी जोड' असे साध्या अक्षरांत लिहावयाचे. प्रत्यक्ष बोलणे दुसऱ्या फाइलीत. आमच्या कचेरीत टिपणी एका बाजूस आणि पत्रव्यवहार दुसऱ्या बाजूस लावतात, त्याची मला येथे आठवण झाली. वाट पाहणे, स्वीकारणे, नाकारणे हे सारे या पद्धतीत मावले. परंतु तोवर सॉकेट सर्वत्र रूढ झाले होते, आणि प्लॅन नाइनचा प्रसार थोड्यांतच राहिला.

तरीही फाइलीची गरज संपली नाही. २०२० च्या टाळेबंदीत आपल्यापैकी अनेकांनी घरी बसून कचेरीची कामे केली. अशा खाजगी मार्गासाठी, कर्नल जाळ्यावर पाठवीत असलेली पॅकेटे एखाद्या साध्या प्रोग्रामच्या हाती यावी लागतात, म्हणजे त्याला ती सांकेतिक करता येतात. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.४ या आवृत्तीत यासाठी 'टन' नावाची फाइल आहे. ती उघडून कर्नलकडे मागणी केली, की एक काल्पनिक जाळे-जोडणी तयार होते. कर्नलने त्या जोडणीवर जे पाठविले ते फाइलीतून वाचावयाचे. फाइलीत जे लिहावे ते, जणू तारेवरून आले असे समजून, कर्नल आत घेतो. फ्रीबीएसडी या बर्कलीच्याच वंशातील प्रणालीत कर्नलमधील जाळ्याचे भाग आकड्यांनी एकमेकांना जोडता येतात. जानेवारी २००३ मधील तिच्या ५.० या आवृत्तीपासून अशा आकड्याचे दुसरे टोक 'डेव्ह'मधील एका फाइलीला अडकविण्याचीही सोय झाली.

लिनक्सची ती 'टन' फाइल ठेवली आहे 'डेव्ह'मधील 'नेट' या कप्प्यात, म्हणजे इलिनॉयच्या मंडळींनी १९७५ साली निवडलेल्या नावाच्याच जागी. तिच्यावर परवानगी मात्र बहुधा सर्वांनाच वाचण्या-लिहिण्याची असते. नवी जोडणी करू द्यावी की नाही, हे कर्नल त्या फाइलीकडे न पाहता स्वतंत्रपणे तपासतो.