तळटीप १७ : कूपर मंत्रिमंडळ

१७. सर धनजीशा कूपर हे साताऱ्याचे पारशी उद्योजक व ब्राह्मणेतर पक्षाच्या पाठबळावर पुढे आलेले मुत्सद्दी. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेस १७५ जागांच्या विधानसभेतील सर्वांत मोठा पक्ष ठरली असताही, गव्हर्नर आपले विशेषाधिकार दैनंदिन कारभारात वापरणार नाहीत अशी हमी मिळाल्यावाचून अधिकारग्रहण करावयाचे नाही, या तिच्या निर्धारामुळे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांनी कूपरांस पाचारण केले आणि १ एप्रिल रोजी ते मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले. (प्रांताच्या प्रमुख मंत्र्यास तेव्हा हीच संज्ञा होती, ‘मुख्यमंत्री’ पुढे रूढ झाले.) जमनादास मेहता त्यांचे सहकारी होते. जुलैत काँग्रेसने पवित्रा बदलताच, विधानसभेस सामोरे जाण्याचा प्रसंग येण्यापूर्वीच, हे मंत्रिमंडळ पायउतार झाले व १९ जुलै रोजी बाळासाहेब खेर अधिकारारूढ झाले. खेरांस ‘पहिले’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि लोकमताच्या दृष्टीने तो गैरही नव्हे. परंतु दप्तरी तो मान कूपरांकडेच जातो. मजकुरातील नांगराचा उल्लेख त्यांच्या सातारा रोड येथील लोखंडी नांगरांच्या कारखान्यास अनुलक्षून आहे.