पावणेचार इंचांचा खलपुरुष

१९७७ सालच्या नाताळांत अमेरिकेंतील असंख्य मुलांच्या हातीं एक विलक्षण भेट पडली. तें पुठ्ठ्याचें एक चपटें पाकीट होतें, आणि त्यांत खेळणें मुळींच नव्हतें. बारा बाहुल्यांचीं रंगीत चित्रें छापलेला पुठ्ठ्याचा एक मंच, चिकटवावयाचीं कांहीं चित्रें आणि एक प्रमाणपत्र एवढाच काय तो ऐवज. प्रमाणपत्र भरून टपालानें पाठविलें म्हणजे पुढील वर्षीं चार बाहुले घरपोंच येतील, असें वचन त्यावर होतें. 'स्टार वॉर्स' हा चित्रपट त्याच वर्षीच्या २५ मे रोजीं प्रदर्शित झाला होता, आणि त्यावरून खेळणीं काढण्याचा परवाना ओहायो संस्थानांतील सिनसिनाटी येथील केनर कंपनीला मिळाला होता. परंतु लोकांची झुंबड इतकी अनपेक्षित होती कीं, सांचे तयार होऊन माल दुकानांत येण्यापूर्वींच नाताळ उजाडला. तेव्हां कंपनीनें खेळण्याऐवजीं खेळण्याचें वचनच विकावयास काढलें.

पुढें १९७८ सालीं ते चार बाहुले टपालानें आले. तरुण नायक ल्यूक, राजकन्या लेया, केसाळ चुबाका आणि आर-टू डी-टू नांवाचा बुटका यंत्रमानव. मंचावर ज्याच्यासाठीं जागा राखून ठेवलेली होती असा एक काळा पुरुष मात्र त्यांत नव्हता. तो कथेचा खलपुरुष डार्थ व्हेडर. त्याच्यासाठीं मुलांना दुकानांत माल येईपर्यंत वाट पाहावी लागली. आज पन्नास वर्षें होत आलीं; पण त्या कथेंतील ज्या पात्राच्या वस्तु लोक हौसेनें जमवितात, जपतात, प्रसंगीं घरांतील एक अख्खी खोली त्यांना वाहून टाकतात, त्यांत हा खलपुरुष अग्रभागीं आहे. नायक हातीं असतांना दुष्टाची मूर्ति मनुष्यानें घरांत कां ठेवावी, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं.

पहिल्या चित्रपटांत व्हेडर बारा मिनिटांहून अधिक वेळ दिसत नाहीं. तथापि जो एकदां दिसला तो विसरला जात नाहीं. याचें श्रेय कोणा एकाचें नव्हे. राल्फ मॅक्वारी या चित्रकारानें त्याची पहिली चित्रें काढलीं. जपानी सामुराई योद्ध्यांच्या शिरस्त्राणाची छटा त्यांत दिसते. जॉन मोलो यानें वेष सिद्ध केला, आणि ब्रायन मुइर या शिल्पकारानें मुखवटा व चिलखत घडविलें. त्या वेषाच्या आंत साडेसहा फूट उंचीचा डेव्हिड प्राउझ हा इंग्रज मल्ल वावरत होता. पण त्याचा आवाज मात्र प्रेक्षकांना कधींच ऐकूं आला नाहीं. तो गंभीर आवाज जेम्स अर्ल जोन्स या अमेरिकन नटाचा. आणि ज्या घरघरत्या श्वासानें थिएटरांतील मुलें आईचा हात घट्ट धरीत, तो ध्वनि बेन बर्ट यानें पाणबुड्याच्या श्वसनयंत्राच्या तोंडाशीं मायक्रोफोन धरून टिपलेला होता. इतक्या जणांच्या हातून एक खलपुरुष घडला, आणि त्यांपैकीं कोणाचाच चेहरा त्याला नव्हता.

हीच गोष्ट खेळण्यांच्या बाबतींत निर्णायक ठरली. नटाच्या चेहऱ्याचा चार इंची बाहुला कितीहि कौशल्यानें केला तरी तो त्या नटासारखा क्वचितच दिसतो. ल्यूकचा बाहुला पाहून मुलांना ल्यूकची कल्पनाच करावी लागे. मुखवट्याचें तसें नाहीं. मुखवटा हा मुळांतच घडविलेली वस्तु असल्यामुळें त्याची प्रतिकृति मूळाच्या फार जवळ जाते. पडद्यावरचा व्हेडर आणि हातांतला व्हेडर यांत अंतर होतें तें केवळ आकाराचें.

आणि आकार हेंच तर मर्म होतें. त्या काळीं मुलग्यांसाठीं निघणारे बाहुले बहुधा आठ किंवा बारा इंच उंच असत. केनर कंपनीनें ही उंची उतरवून पावणेचार इंचांवर आणली. कारण या कथेंत विमानांना फार महत्त्व होतें, आणि मोठ्या बाहुल्यांना पुरतील एवढीं विमानें कोणत्याहि बापाच्या खिशाला परवडलीं नसतीं. १९७८ सालीं दुकानांत आलेल्या पहिल्या बारा बाहुल्यांत व्हेडर होता. अंगावर काळ्या व्हायनिलचा झगा, आणि उजव्या हाताच्या पोकळींत दडविलेली तांबडी तलवार. दंडाखालची बारीक खुंटी पुढें सरकवली म्हणजे ती बाहेर येई. किंमत दोन डॉलरांच्या आसपास. थिएटरच्या अंधारांत ज्यानें छाती धडधडविली, तो आतां मुठींत मावत होता, उशाखालीं ठेवतां येत होता, अंगणांतल्या मातींत पुरतां येत होता. भयाला असें हातांत धरतां येणें ही मुलाच्या दृष्टीनें लहान गोष्ट नव्हे. नायकाच्या बाहुल्याशीं मूल मैत्री करतें. पण खलपुरुषाच्या बाहुल्यावर तें राज्य करतें. त्यानें केव्हां यावें, केव्हां हरावें, हें सर्व त्या मुलाच्या मर्जीवर.

या व्यवहाराची गुरुकिल्ली दिग्दर्शक जॉर्ज लुकस याच्यापाशीं होती. ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्स या कंपनीशीं करार करतांना वाढीव मानधनाचा आग्रह न धरतां त्यानें चित्रपटाचे पुढील भाग काढण्याचे आणि चित्रपटावरून माल काढण्याचे हक्क आपल्याकडे राखले. त्या काळीं चित्रपटाच्या खेळण्यांना व्यापारी फारशी किंमत देत नसत. चित्रपट कांहीं आठवड्यांत उतरे आणि माल दुकानांत पडून राही. मेगो नांवाच्या मोठ्या खेळणी-कंपनीनें तर हा परवाना नाकारलाच होता. लुकसचा अंदाज खरा ठरला, आणि व्हेडरची मुद्रा घराघरांत शिरली. डॉन पोस्ट स्टुडिओनें १९७७ सालींच त्याचा डोक्यावर घालण्याचा मुखवटा काढला. केनरनें पंधरा इंची मोठा व्हेडर काढला. इंग्लंडांत पॅलिटॉय, मेक्सिकोंत लिली लेडी, जपानांत टाकारा अशा कंपन्यांकडून या कथेचे बाहुले त्या त्या देशांत निघाले. पोलंड व तुर्कस्तान येथें परवान्यावांचून केलेल्या नकलाहि निघाल्या, आणि आज त्या नकलांचेहि संग्राहक आहेत.

१९८० सालीं 'दि एम्पायर स्ट्राइक्स बॅक' हा दुसरा भाग आला. त्या वर्षीं केनरनें बाहुले ठेवण्यासाठीं एक पेटी काढली. तिचा आकार म्हणजे व्हेडरचें मस्तक आणि खांदे. आंत एकतीस बाहुल्यांची सोय. खेळ संपल्यावर नायक, राजकन्या, यंत्रमानव सारे त्या खलपुरुषाच्या काळ्या छातींत निजावयास जात! त्याच चित्रपटांत हा खलपुरुष नायकाचा बाप असल्याचें उघड झालें, आणि मुलांच्या खेळांत एकाएकीं कौटुंबिक शोक शिरला. १९८३ सालच्या तिसऱ्या भागांत मुलाला वांचविण्यासाठीं बाप आपला प्राण वेंचतो, मुखवटा उतरतो, आणि आंतून सेबॅस्टियन शॉ या वृद्ध नटाचा फिकट, थकलेला चेहरा दिसतो. या निर्मुखवटा बापाचा, ॲनाकिन स्कायवॉकरचा, बाहुला केनरनें १९८५ सालीं काढून टपालानें दिला. त्याच वर्षीं पुढें ही माळच खुंटली. दुकानदारांनीं उरलासुरला माल मातीमोलानें विकला, आणि घरोघरचे व्हेडर खोक्यांतून माळ्यावर गेले.

संग्रहाचा खरा इतिहास येथून सुरू होतो. दहापांच वर्षांनीं तींच मुलें मिळवतीं झालीं, आणि माळ्यावरचें खोकें त्यांना आठवलें. खोकें उघडून पाहावें तों व्हेडरचा झगा हरवलेला, तलवारीचें टोक मोडलेलें. मग शोध सुरू झाला तो मुलाचा हात न लागलेल्या व्हेडरचा. केनरनें १९७८ पासून १९८५ पर्यंत त्या लहान व्हेडरचा घाट एकदांहि बदलला नाहीं. बदलला तो केवळ पाठचा पुठ्ठा. म्हणून संग्राहक बाहुल्यापेक्षां पुठ्ठाच अधिक बारकाईनें पाहतो. पाठीवर बाराच बाहुल्यांचीं चित्रें असतील तर तो पहिल्या काळचा. त्याहून अधिक असतील तर मागाहूनचा. अगदीं पहिल्या मालांतील कांहीं व्हेडरांच्या तलवारींतून आणखी एक बारीक काडी बाहेर येई. ही दुहेरी तलवार लवकरच बंद झाली. त्यामुळें तसा व्हेडर आज अत्यंत दुर्मिळ आहे. आणि जेथें दुर्मिळता तेथें लबाडी या न्यायानें खोट्या तलवारीहि पुष्कळ झाल्या आहेत. वस्तु तपासून तिला गुण देणाऱ्या आणि पारदर्शक पेटींत तिला कायमची बंद करणाऱ्या संस्था निघाल्या आहेत त्या याच कारणामुळें.

येथें एक विसंगति लक्षांत येते. न उघडलेल्या व्हेडरला आज जी किंमत येते ती कोणामुळें? ज्या लक्षावधि मुलांनीं आपला व्हेडर तत्काळ पुठ्ठ्यावरून ओरबाडून काढला, न्हाणीघरांत बुडविला, कुत्र्याच्या तोंडीं दिला, त्यांच्यामुळें. सर्वांनींच जपून ठेवला असता तर त्याची किंमत चार डॉलरहि झाली नसती. याचा पडताळा १९९९ सालीं आला. त्या वर्षीं सोळा वर्षांच्या खंडानंतर या मालिकेचा नवा चित्रपट निघाला. जुन्या बाहुल्यांचे भाव ऐकून असलेल्या प्रौढांनीं नव्या खेळण्यांचीं खोकींच्या खोकीं पुढील काळाची ठेव म्हणून घेतलीं, आणि तीं कोणी उघडलींच नाहींत. परिणाम असा कीं, त्यांतील बहुतेक माल आजहि स्वस्त मिळतो. खेळणाऱ्या मुलाच्या नासधुशीवरच संग्राहकाची श्रीमंती उभी आहे, हें ऋण मात्र कोणत्याहि यादींत नोंदलेलें नसतें.

या छंदाला विश्वासाचीहि परीक्षा द्यावी लागते. कॅलिफोर्नियांत पेटालुमा येथें स्टीव्ह सॅन्स्वीट यांचा 'रँचो ओबी-वान' हा संग्रह आहे. हे गृहस्थ पूर्वीं 'वॉल स्ट्रीट जर्नल' या पत्राचे वार्ताहर होते. चित्रपटाचें जें माहितीपत्रक एका सहकाऱ्यानें केराच्या टोपलींत टाकलें तें उचलून त्यांनीं संग्रहास आरंभ केला, आणि पूर्वीं कोंबड्या पाळण्याच्या जागेंत तो वाढवीत नेला. तेथील नव्वद हजारांहून अधिक वस्तूंची मोजदाद होऊन गिनेसच्या विक्रमग्रंथांत त्याची नोंद झाली. २०१७ सालच्या जूनमध्यें सॅन्स्वीट यांनीं जाहीर केलें कीं, ज्याला विश्वासानें घरांत येऊं दिलें अशा एका परिचितानेंच शंभराहून अधिक मौल्यवान वस्तु चोरल्या, आणि पुष्कळशा विकल्याहि. ज्या घराचें दार समानशील मित्रांसाठीं उघडें होतें, तेथें हा घाव पडला. तरी संग्रहालयाचें दार त्यांनीं बंद केलें नाहीं, हें सांगितलें पाहिजे.

श्रीमंतांच्या बाजारांत व्हेडरची गति निराळीच आहे. दुसऱ्या चित्रपटांत वापरलेलें त्याचें एक शिरस्त्राण २०१९ सालीं लिलांवांत नऊ लक्ष डॉलरांना गेलें, आणि २०२५ सालीं त्याच्या तलवारीस छत्तीस लक्षांहून अधिक डॉलर आले. वॉशिंग्टन येथील नॅशनल कॅथीड्रलच्या वायव्य बुरुजावर तर त्याचें दगडी मस्तकच आहे. १९८० नंतरच्या दशकांत मुलांकडून अशा विद्रूप मुखांच्या कल्पना मागविण्यांत आल्या. त्यांत एका मुलानें व्हेडर सुचविला आणि तो कोरला गेला. तो इतका उंचावर आहे कीं दुर्बिणीवांचून दिसत नाहीं. ख्रिस्ती मंदिराच्या गाभाऱ्यांत दुष्टाला स्थान नाहीं, पण बाहेरच्या भिंतीवर आहे. भय दारापाशीं ओळखून ठेवावें, अशीच ती जुन्या शिल्पींची योजना.

परंतु नऊ लक्षांचें शिरस्त्राण काय किंवा उंचावरचें दगडी मस्तक काय, दोहोंनाहि हात लावण्याची सोय नाहीं. २००५ सालीं, ज्या वर्षीं व्हेडर हा व्हेडर कसा झाला हें सांगणारा चित्रपट निघाला, त्या वर्षीं हॅस्ब्रो कंपनीनें १९७७ चें तें रिकामें पाकीट पुन्हां छापून विकावयास काढलें. आणि एके काळीं त्या पाकिटासाठीं नाताळच्या झाडाखालीं बसलेल्या मुलांनीं, आतां चाळिशीकडे झुकलेल्या, तें पुन्हां विकत घेतलें. प्रमाणपत्र भरलें, टपालांत टाकलें, आणि वाट पाहिली. ते वस्तु विकत घेत नव्हते. ती वाट पाहणेंच विकत घेत होते. कांचेच्या कपाटांतील निष्कलंक व्हेडरशेजारीं पुष्कळ संग्राहक आपला स्वतःचा, झगा हरवलेला आणि तलवार मोडलेला, तो पहिला व्हेडरहि ठेवतात. बाजारांत त्याला गिऱ्हाईक मिळणार नाहीं. पण कपाटांतून काढून पाहुण्याच्या हातांत जर कोणता व्हेडर देण्यांत येत असेल, तर तो हाच.