पोर्शेच्या चाकाची आतली कड

"सातचं रिम बसेल का?" पुण्यात टायर आणि अलाइनमेंटचं काम करणाऱ्याच्या कानावर हा प्रश्न रोज पडतो. मी आधी ऑफसेट विचारतो. हबला टेकणारी बैठक रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे, तो हा आकडा. आकडा जितका मोठा, तितकं चाक आत सरकतं. ही सवय मला जुन्या पोर्शे 911 च्या मापांनी लावली. नुसती मापं वाचली, तरी त्या गाडीचा निम्मा इतिहास कळतो.

1966 मध्ये 911 एससाठी माइनरत्सहागेनच्या ओटो फुक्स कारखान्याने घडीव अॅल्युमिनियमचं चाक बनवलं. पाच पाकळ्यांचा तो आकार पोर्शेच्या हाइनरिख क्ली यांचा. चाक 15 इंची, पण रुंदी फक्त साडेचार इंच! पुढच्या दोन-तीन वर्षांत ती साडेपाचवर आणि मग सहावर गेली.

सहा इंचीचा ऑफसेट 36. निम्मी रुंदी 76.2 मिलिमीटर. त्यात 36 मिळवले की बैठकीपासून आतली कड 112.2 वर येते, वजा केले की बाहेरची 40.2 वर. (रुंदी टायर बसतो तिथे मोजतात, त्यामुळे रिमचा खरा काठ थोडा पुढे असतो, तुलनेला मात्र हा हिशेब पुरतो.)

आता शौकीन ज्याला 'सात-आर' म्हणतात ते चाक घ्या. 1967 च्या हलक्या, शर्यतीच्या 911 आरवरून पडलेलं हे नाव. रुंदी सात, ऑफसेट 49. बाहेरची कड 39.9, म्हणजे जवळपास होती तिथेच. वाढलेला सगळा इंच आत गेला. म्हणूनच अरुंद मडगार्डच्या जुन्या 911 वाले अजूनही हे माप शोधत फिरतात.

1973 च्या कॅरेरा आरएस 2.7 मध्ये पोर्शेने उलटा रस्ता धरला. 911 चं इंजिन मागच्या अॅक्सलच्याही मागे. वळणावर शेपूट बाहेर जायला बघते, तेव्हा पकड वाढवायची तर मागेच. म्हणून पुढे सहा इंची रिमवर 185/70 आणि मागे सात इंचीवर 215/60 टायर आले. पुढे-मागे वेगळ्या मापांची चाकं असलेली ही पोर्शेची रस्त्यावरची पहिली गाडी. मागचा ऑफसेट 23.3. हिशेब करून पाहा: आतली कड पुन्हा 112.2. तिला कुणी हात लावला नाही. पूर्ण इंच बाहेर आला आणि त्याच्यासाठी मागची मडगार्डं फुगवली. शर्यतीच्या मान्यतेसाठी 500 गाड्या बनवणं भाग होतं, बनल्या 1,580.

मग 1975 ची 911 टर्बो. मागे आठ इंच, ऑफसेट 10.6. आतली कड? 112.2. मडगार्ड आणखी रुंद.

मला हा निर्णय फार मोठा वाटतो. आत सस्पेन्शनची जागा ठरलेली. तिथे टायर घासला तर पुढचं सगळं व्यर्थ. चाक बाहेर सरकलं की मागच्या चाकांमधलं अंतर वाढतं, वळणावर गाडी ठाम बसते. पण बेअरिंगवरचा ताणही वाढतो, आणि जागा करायला पत्रा नव्याने घडवावा लागतो. पोर्शेने तो घडवला. आपल्याकडची पोरं रुंद रिम आणतात, हबवर स्पेसर चढवतात आणि मडगार्डची कड हातोडीने दुमडतात. दोन महिन्यांत टायरची खांदापट्टी सोललेली असते.

रिम घ्यायला जाल तेव्हा आधी मूळ चाकाची रुंदी आणि ऑफसेट कागदावर लिहा, नव्याचे शेजारी लिहा आणि आतली-बाहेरची कड किती सरकते ते काढा. दुकानदार ऑफसेट सांगू शकत नसेल, तर ते रिम घेऊ नका.