यकृत नसतानाचा तास

वऱ्हाडातला पोटात पाणी झालेला रुग्ण अकोल्यात किंवा अमरावतीत तपासून घेतो आणि प्रत्यारोपणाचे नाव निघाले की नागपूरची वाट धरतो. त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याला वाटते, हा विषय आपला नव्हे. या पानांत शिरताना तो समज चपलांबरोबर दाराबाहेर ठेवावा.

डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली डेन्व्हरमध्ये एका मुलाला पहिले यकृत बसवले. ते मूल रक्तस्रावाने टेबलावरच गेले. रुग्ण दीर्घकाळ जगायला १९६७ उजाडले. भारतात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली आला आणि यश १९९८ साली. इतिहास एवढा पुरे. खरी गंमत शरीरक्रियेत आहे.

सिऱ्होसिसच्या रुग्णाचा हात गरम लागतो, नाडी भरलेली असते, हृदय जोमाने रक्त फेकत असते. तरी दाब कमीच, कारण रक्तवाहिन्या सैलावलेल्या. जुने यकृत काढताना अधोमहाशिरा पूर्ण चिमट्यात धरली, तर हृदयाकडे परतणारे रक्त तुटते आणि हृदयाचा उपसा जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतो. महाशिरा जागेवर राखणारी ‘पिगीबॅक’ पद्धत रुळली ती यासाठीही.

मग यकृतच नसलेला तास. रक्ताच्या पिशवीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट असते, आणि ते मोडण्याचे काम मुख्यतः यकृताचे. ते नसले की सायट्रेट साठते, कॅल्शियम बांधून ठेवते, हृदयाचे आकुंचन दुबळे पडते. दाब वाढावा म्हणून भराभर पिशव्या चढवाव्यात आणि दाब घसरावा, हे कोडे पहिल्यांदा पाहणारा गोंधळतोच. भूलतज्ज्ञाच्या हाताशी कॅल्शियमची भरलेली सिरिंज असते ती उगीच नव्हे. इकडे लॅक्टेट चढत जाते, साखर उतरू लागते, अंग गार पडते.

नवे यकृत बर्फातून येते. ते ज्यात जपतात त्या विस्कॉन्सिन द्रावणात लिटरला सुमारे १२५ मिलिमोल पोटॅशियम. रक्तात ४ च्या आसपास. खारपाणपट्ट्यातल्या वाचकाला क्षाराचा हिशेब समजावायला नको! यकृत धुऊन घेतले तरी चिमटा सुटताच गार, आम्लधर्मी, पोटॅशियमयुक्त रक्त थेट हृदयात जाते. मॉनिटरवरची टी-लहर टोकदार होते, दाब कोसळतो. पहिल्या ५ मिनिटांत सरासरी दाब ३० टक्क्यांहून अधिक घसरला आणि मिनिटभर तसाच राहिला, तर त्याला पुनर्प्रवाह-लक्षणसमूह म्हणतात. ही व्याख्या १९८७ सालची. पुढे लॅक्टेट उतरू लागले आणि पित्ताचे सोनेरी थेंब दिसले, की खोलीतला ताण सैल होतो.

आता आपला संबंध. विदर्भाचे अवयव समन्वय केंद्र नागपुरात असले, तरी मेंदूमृत दाता अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या आयसीयूतही असू शकतो. त्याचा दाब तिथे टिकला नाही, सोडियम १५५ च्या वर चढू दिले, तर त्याची किंमत दीडशे-अडीचशे किलोमीटरवरच्या टेबलावर मोजावी लागू शकते. माझ्या मते या शस्त्रक्रियेचे पहिले प्रकरण तिथेच लिहिले जाते, आणि पाठ्यपुस्तके ते शेवटी ढकलतात.

तेव्हा या, वाचा. पण पान उलटण्याआधी आपल्या आयसीयूतल्या रुग्णांचे आजचे सोडियम एकदा पाहून या.