नवोदय परीक्षा : पाचवीच्या मुलांची तयारी घरच्या घरी कशी करून घ्याल?

आपल्या तालुक्यात पाचवीला मूल असलं की घरात नवोदयचा विषय निघतोच. जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला नंबर लागला की बारावीपर्यंत शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं सरकार बघतं. शेतकरी कुटुंबासाठी ही गोष्ट लहान नाही. पण एका शाळेत जास्तीत जास्त ८० जागा, आणि मुलाला ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पुढच्या वर्षी परत बसू, असं इथं चालत नाही.

माझ्या थोरल्या मुलीचंच सांगतो. अभ्यासात चांगली होती. पेपरमध्ये एक प्रश्न अडला म्हणून तिनं सोडला, पण उत्तरपत्रिकेवर त्याची ओळ मोकळी ठेवायची राहिली. तिथून पुढची सगळी गोल एकेक ओळ वर सरकली. घरी आल्यावर उत्तरं जुळवताना तिच्या लक्षात आलं. "पप्पा, माझं सगळं पुढंमागं झालंय" म्हणाली आणि जेवलीच नाही. चूक तिची कमी, माझी जास्त. वर्षभर पुस्तकं आणून दिली, पण ओएमआर शीट कशी असते ते एकदाही दाखवलं नव्हतं. आता धाकटा पाचवीत आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी कागदपत्रं, कारण अभ्यासाआधी पोरं इथंच अडकतात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना असतात. त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली पाहिजेत. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत गेला असेल, तरी मूल शहरी धरलं जातं. तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत नाव घालण्याआधी हे डोक्यात ठेवा. तुमचं तालुक्याचं गाव नगरपंचायत झालं असेल तर मुख्याध्यापकांना स्पष्ट विचारून घ्या. मूल पाचवीला ज्या जिल्ह्यात शिकतं आणि राहतं, त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी बसता येतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी पाचवीच्या वर्षी पोराला आजी-आजोबांजवळ ठेवता आलं तर बघावं, पाचवीचं पूर्ण वर्ष शाळेत झालं पाहिजे. एकूण जागांपैकी एक तृतीयांश मुलींसाठी आहेत, तेव्हा मुलीचा फॉर्म भरायला मागंपुढं बघू नका.

फॉर्म ऑनलाइन असतो, सरकारी फी काही नाही. मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं. बहुतेक वेळा तो पावसाळ्यात निघतो आणि खुरपणीच्या घाईत राहून जातो. परीक्षेची तारीखही बदलत असते. २०२५ या एकाच वर्षात १८ जानेवारीला आणि परत १३ डिसेंबरला परीक्षा झाली. गुरुजींना महिन्यातून एकदा विचारत राहा.

आता पेपर. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न ५० गुणांना, गणिताचे २० आणि भाषेचे २० प्रश्न प्रत्येकी २५ गुणांना. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटी एकही गोल मोकळं ठेवायचं नाही. पेपर मराठीतून देता येतो, भाषा फॉर्ममध्ये नीट निवडा.

निम्मे गुण बुद्धिमत्तेचे, आणि तिथं नुसत्या आकृत्या. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती, घडी घालून छिद्र पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल, असे प्रश्न. हे पाठ करून येत नाही, हातानं करून येतं. जुन्या वर्तमानपत्राची चौघडी करा, दाभणानं छिद्र पाडा, आणि उघडायच्या आधी पोराला छिद्रं कुठं येतील ते काढायला लावा. आठ दिवसांत फरक दिसतो. आरशासाठी ट्रॅक्टरचा किंवा मोटारसायकलचा आरसा पुरतो, पाटीवर अक्षरं लिहून त्यात दाखवा.

गणिताला बाजार समितीतली कांद्याची पट्टी द्या. वजन गुणिले भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा, हातात किती आले, खर्च धरून नफा की तोटा. शेताची परिमिती बांधावरून चालत मोजू द्या. भाषेत उतारे असतात, प्रत्येकावर पाच प्रश्न. रोज मोबाइलवरची एक बातमी मोठ्यानं वाचून घ्या आणि तुम्हीच पाच प्रश्न विचारा. आईला वाचता येत नसलं तरी तिनं विचारावं, "काय होतं रे त्यात?" पोराला सांगता आलं म्हणजे उतारा समजला.

आणि ओएमआर. झेरॉक्सच्या दुकानातून कोऱ्या शीट आणा. शाळेत पोरं पेन्सिल वापरतात, इथं निळा किंवा काळा बॉलपेन लागतो. एकदा गोल काळं केलं की खोडता येत नाही, व्हाइटनर चालत नाही. शेवटचे दोन महिने दर रविवारी साडेअकरा ते दीड पेपर सोडवून घ्या, खऱ्या परीक्षेची वेळही हीच धरतात. दर दहा प्रश्नांनंतर प्रश्नाचा नंबर आणि गोलाचा नंबर बोट ठेवून जुळवायची सवय लावा.

क्लास लावायचा का, हे ज्याच्या त्याच्या खिशावर. मला विचाराल तर रोज पाऊण तास आईबापापैकी एकानं जवळ बसावं, मोबाइल बाजूला ठेवून. शेजारच्याच्या पोराशी तुलना नको. हाच अभ्यास शिष्यवृत्ती परीक्षेलाही चालतो, तिथंही गणित, भाषा आणि बुद्धिमत्ताच असते, त्यामुळं काही वाया जात नाही.

परीक्षेच्या दिवशी प्रवेशपत्र आणि दोन चालते पेन दप्तरात आदल्या रात्रीच ठेवा. केंद्र बहुतेक तालुक्याला असतं. सकाळची एसटी चुकली तर पुढची कधी येईल याचा नेम नाही, तेव्हा गाडीची सोय आधीच बघून ठेवा.