दुकानाचे शटर कलाकृती कसे होते? घाटकोपरच्या अतुल डोडियांची चित्रे समजून घेताना

गोराई असो की घाटकोपर, मुंबईच्या उपनगरांतला बाजार शटरच्या खडखडाटानेच जागा होतो. हेच रोलिंग शटर २००१ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात पोहोचले, तेही कलाकृती म्हणून. हे काम अतुल डोडिया यांचे. पण रोजच्या वापरातली वस्तू किंवा गाजलेले सिनेमाचे पोस्टर उचलून नवी कला होते तरी कशी?

कोण आहेत अतुल डोडिया?

डोडिया यांचा जन्म १९५९ मध्ये घाटकोपरला झाला. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्यानंतर १९९१-९२ मध्ये ते पॅरिसला शिकायला गेले. तिथे युरोपातली मोठी चित्रे त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. त्यांच्या कॅनव्हासवर मात्र पाश्चात्त्य चित्रकारांच्या शेजारी हिंदी सिनेमा आणि महात्मा गांधीही दिसू लागले.

'बाजीगर'च्या जागी चित्रकार

शाहरुख खानचा 'बाजीगर' १९९३ मध्ये आला. पुढच्याच वर्षी डोडियांनी 'द बॉम्बे बकनिअर' हे चित्र काढले. बकनिअर म्हणजे समुद्री लुटारू. चित्राची मांडणी 'बाजीगर'च्या पोस्टरवरून घेतलेली आहे, पण पिस्तूलधारी नायकाच्या जागी खुद्द डोडिया आहेत. त्यांच्या काळ्या चष्म्याच्या काचांत डेव्हिड हॉकनी आणि भूपेन खक्कर या दोन चित्रकारांचे चेहरे दिसतात. नायकाचा रुबाब आणि लुटारूचे नाव घेऊन डोडियांनी स्वतःचीच थट्टा केली. इतरांच्या प्रतिमा आपण बिनधास्त उचलतो, याची ती हसतखेळत दिलेली कबुलीही वाटते.

शटरच का?

अमेरिकेत अँडी वॉरहॉल यांनी १९६२ मध्ये सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली. दुकानाच्या फळीवरची वस्तू त्यांनी थेट कलादालनात आणली. डोडियांनी तर खऱ्या शटरवरच रंगकाम केले.

शटर ही मुंबईकरांच्या ओळखीची वस्तू. धंदा सुरू, धंदा बंद, हे तेच सांगते. बंदची हाक आली किंवा गडबडीची नुसती कुणकुण लागली, तरी सर्वात आधी खाली येते ते शटर. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत आणि त्यानंतरच्या मार्चमधल्या बॉम्बस्फोटांत शहराने हे अनुभवले होते.

लक्ष्मीच्या मागे काय आहे?

'महालक्ष्मी' या कलाकृतीत शटरवर कॅलेंडरच्या धाटणीतली लक्ष्मी रंगवलेली आहे. देवदेवतांची अशी चित्रे घरोघरी नेण्यात राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचा मोठा वाटा होता. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला.

शटर वर गेले की आतले चित्र समोर येते. त्यात हुंड्याच्या जाचापायी जीव दिलेल्या तीन बहिणी आहेत. आपण घरची मुलगी लक्ष्मी म्हणतो, दुकानातल्या गल्ल्यालाही लक्ष्मी म्हणतो आणि हुंड्यात मागितली जाते तीही लक्ष्मीच. हे तिन्ही अर्थ इथे एकमेकांवर आदळतात. झाकणे आणि उघडणे हे शटरचे रोजचे काम, त्यातूनच चित्राला अर्थ मिळतो. साध्या कॅनव्हासवर हे साधले नसते.

मग ही नक्कल नाही का?

फरक समजायला वांद्र्याला जावे. तिथे रणजित दहिया यांनी २०१२ पासून 'बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट'मधून भिंतींवर अनारकली, राजेश खन्ना, अमिताभ बच्चन रंगवले. रिक्लेमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके आले. ही चित्रे म्हणजे सिनेमाला दिलेली मनापासूनची दाद आहे, ती मूळ प्रतिमेचा अर्थ बदलायला जात नाहीत. डोडिया मात्र ओळखीची प्रतिमा घेऊन तिच्याविषयी प्रश्न उभा करतात.

मोबाइलवर रोज पोस्टर बदलून केलेली मीम्स येतात. त्यांतली बहुतेक हसवून विरून जातात. एखादे पाहिल्यावर मात्र मूळ पोस्टर पुन्हा पहिल्यासारखे दिसत नाही. 'महालक्ष्मी' पाहिल्यावर कॅलेंडरवरच्या लक्ष्मीचे नेमके तसेच होते.