प्रस्तावनेखालची तारीख

कादंबरी उघडली की गोष्टीआधी लेखकाचे ‘मनोगत’, ‘दोन शब्द’ किंवा ‘दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने’ असे काहीतरी समोर येते. बहुतेक वाचक ती पाने उलटून पुढे जातात. नव्या आवृत्तीत पाने कमी करायची झाली तर पहिली कात्री इथेच लागते, आणि अनुवादात तर ही पाने अनेकदा येतच नाहीत. अनुवादाला घेतलेल्या कादंबरीच्या मिळतील तेवढ्या आवृत्त्यांच्या प्रस्तावना मी आधी गोळा करते. कादंबरी कुणीही, कधीही वाचावी म्हणून लिहिलेली असते. प्रस्तावना मात्र ठरावीक काळी, ठरावीक माणसांना उद्देशून केलेले बोलणे असते. त्यामुळे तिच्याखालची तारीख तिच्यातल्या मजकुराइतकीच महत्त्वाची.

ओ. चंदू मेनन यांची ‘इंदुलेखा’ ही मल्याळम कादंबरी १८८९ साली कोळिकोडच्या स्पेक्टेटर छापखान्यात छापली गेली. मेनन तेव्हा मलबारात मुन्सफ होते. प्रस्तावनेत ते सांगतात की, १८८६च्या अखेरीपासून त्यांना इंग्रजी कादंबऱ्यांचा नाद लागला आणि रिकामा वेळ त्यातच जाऊ लागला. घरची मंडळी रुसू लागली, तेव्हा ते त्यांना त्या कादंबऱ्या मल्याळममध्ये तोंडी सांगू लागले. त्यातून डिझरायलीच्या ‘हेन्रिएटा टेंपल’चा लेखी अनुवाद करायची कल्पना निघाली. थोडे लिहून झाल्यावर त्यांनी तो नाद सोडला. त्यांचे म्हणणे असे, की तोंडी सांगताना मध्येच थांबून खुलासा करता येतो, आवाज आणि चेहरा मदतीला येतात. कागदावर यातले काहीच उरत नाही. त्यापेक्षा आपणच एक कादंबरी लिहावी, असे त्यांनी ठरवले.

मल्याळममधल्या एका अग्रगण्य कादंबरीचा जन्म असा एका फसलेल्या अनुवादातून झाला. ही गोष्ट कादंबरीत कुठेही नाही, ती प्रस्तावनेत आहे. तिथेच मेनन चित्रकलेचा दाखला देतात. अद्भुत, अचाट आकृतींची चित्रे पाहायला सरावलेले लोक आता युरोपीय पद्धतीची हुबेहूब तैलचित्रे आवडीने पाहू लागले आहेत. तसेच गोष्टींचेही होईल. चमत्कार नसलेली, रोजच्या जगण्यातली गोष्ट कोण वाचणार, या शंकेला दिलेले हे उत्तर आहे. आज आपल्याला ही शंकाच विचित्र वाटते. एके काळी ती खरी होती, हे प्रस्तावनेमुळे कळते.

लगोलग ‘इंदुलेखा’चा इंग्रजी अनुवाद झाला. अनुवादक डब्ल्यू. ड्युमर्ग हे मलबारातले ब्रिटिश सनदी अधिकारी. त्यांना लिहिलेल्या पत्रात मेनन यांनी कादंबरीमागची कारणे मांडली आहेत, आणि ते पत्र इंग्रजी पुस्तकात छापलेले आहे. आपल्या भाषेत इंग्रजी धर्तीची कादंबरी वाचायची पत्नीची इच्छा, इंग्रजी न जाणणाऱ्यांत अशा वाचनाची गोडी लावणे, मल्याळम साहित्याला हातभार. यांखेरीज एक हेतू ते ठळकपणे नोंदवतात : मुळातच बुद्धिमान असलेल्या नायर स्त्रीला चांगले इंग्रजी शिक्षण मिळाले तर समाजात तिचा किती प्रभाव पडेल, हे दाखवून देणे. मल्याळम प्रस्तावनेचा भर गोष्टीच्या नव्या रीतीवर आणि भाषेवर आहे. साहेबाला लिहिलेल्या पत्रात समाजसुधारणा पुढे येते. दोन्ही खरेच असणार. पण समोर कोण बसले आहे, यावर काय आधी सांगायचे ते ठरते. दोन्ही मजकूर शेजारी ठेवले तरच हे दिसते.

दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सूर आणखी बदलतो. १८९०च्या जानेवारीत विक्री सुरू झाली आणि ३० मार्चच्या आत सगळ्या प्रती संपल्या, हे मेनन काहीशा नवलाने नोंदवतात. पहिल्या प्रस्तावनेत वाचकाची चाहूल घेत बोलणारा लेखक इथे टीकाकारांशी बोलू लागतो. मल्याळम कादंबरीला वाचकवर्ग लाभल्याची ही लेखकाच्याच हातची नोंद आहे.

याउलट, बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’च्या बाबतीत एकच प्रस्तावना वाचणे धोक्याचे ठरते. बंकिम सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. १८८२च्या पहिल्या आवृत्तीला त्यांनी जेमतेम काही वाक्यांचे निवेदन जोडले : समाजातली उलथापालथ पुष्कळदा स्वतःलाच पीडा देणारी असते, बंडखोर आत्मघातकी असतात, इंग्रजांनी बंगालला अराजकातून सोडवले, आणि हेच या पुस्तकात समजावले आहे. एवढेच वाचले तर ‘आनंदमठ’ राजनिष्ठेचे पुस्तक वाटेल. याच पुस्तकातले ‘वंदे मातरम्’ १९०५च्या वंगभंगाच्या चळवळीत रस्त्यारस्त्यावर घुमले.

पुढे तिसऱ्या आवृत्तीला त्यांनी संन्याशांच्या बंडाचा इतिहास इंग्रजी ग्रंथांतून परिशिष्टात दिला आणि प्रस्तावनेत स्वतःच दोन तफावती दाखवल्या. कादंबरीतल्या लढाया बीरभूममध्ये घडतात, प्रत्यक्षात त्या उत्तर बंगालमध्ये झाल्या. आणि एका इंग्रज सेनाधिकाऱ्याचे नाव कादंबरीत वेगळे आहे. कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, म्हणून हा फरक आपल्याला गंभीर वाटत नाही, असेही त्यांनी सांगून टाकले. ‘आनंदमठ’ इतिहास मानून वाचणारे आणि त्यावरून भांडणारे आजही कमी नाहीत. त्यांच्या वादाला लेखकाने आपल्या हयातीतच उत्तर देऊन ठेवले आहे. फक्त ते सगळ्या प्रतींत, सगळ्या भाषांत पोचलेले नाही.

लेखकाचा शब्द अखेरचा मानावा, असे अर्थातच नाही. प्रस्तावनेत लेखक सारवासारव करतो, सरकारला किंवा समाजाला चुचकारतो, कधी मागाहून सुचलेला हेतू मूळचा म्हणून सांगतो. बंकिमांचे पहिले निवेदन मनापासून लिहिलेले की सावधगिरीपोटी, हे त्या चार ओळींवरून ठरवता येणार नाही. पण तो प्रश्न पडायलाही त्या ओळी आणि त्यानंतरचे निवेदन, दोन्ही हाताशी असावी लागतात.

म्हणून संपादकांकडे आणि प्रकाशकांकडे मागणे साधे आहे. जुन्या कादंबरीची नवी आवृत्ती किंवा अनुवाद काढताना लेखकाच्या सगळ्या प्रस्तावना क्रमाने, तारखांसह छापाव्यात. सुरुवातीला अडचण वाटत असेल तर शेवटी छापाव्यात. त्यासाठी आठ-दहा पानांचा खर्च येईल. एका भाषेतले पुस्तक दुसरीत नेताना गोष्ट तर आपण नेतोच. ती पहिल्यांदा ऐकणाऱ्यांशी लेखक काय बोलला, तेही सोबत जायला हवे.